देवळावरचा थांबा

या, आणखी पुढे सरका. सतरंजी मोठी आहे आणि माझा आवाज आता लहान झालाय. टाळ मांडीखाली ठेवलात तरी चालेल. आज मी तुम्हाला एका इंजिनाची कथा सांगणार आहे. हसताय कशाला? इंजिनाच्या कथेतही देव येतो. जरा उशिरा येतो, पण येतो. त्याच्या आधी एक बाई येते, कुणाचं म्हणून न ऐकणारी.

आमचं दाभेघर कोयनेच्या फुगवट्यावर. धरण भरलं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं डोंगराच्या अंगावर वर सरकली. भैरोबाची मूर्ती वर आणली, देऊळ मात्र खालीच राहिलं. पलीकडच्या धक्क्यावर दवाखाना, अलीकडे आम्ही आणि बरोबर मधे पाण्यातलं देऊळ. म्हणून आमच्याकडे पिढ्यांची रीत आहे. लाँच देवळाजवळ आली की रेस उतरवायची, इंजिन नुसतं पुटपुटत ठेवायचं, देवावर लाट जाऊ द्यायची नाही. बाया हात जोडतात, कुणी पाण्यावर चिमूटभर बुक्का टाकतं, मग लाँच हळूहळू वेग धरते. आमच्या भिकाजी उतेकरनं तीस वर्षं लाँच चालवली, पण एकदाही हा थांबा चुकवला नाही. कीर्तनाला उभा राहिला तरी त्याचा उजवा हात अधूनमधून रेसची दांडी मागे ओढल्यासारखा हलायचा. मी मागे टाळ धरून उभा असायचो, म्हणून मला ठाऊक.

त्याची धाकटी बहीण वैजयंता. धक्क्यावर तिचं गॅरेज. लाँच, मोटरसायकली, चाराकापणीची यंत्रं, जे बंद पडेल ते तिच्याकडे यायचं. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "बघायला आलेली माणसं माझी नखं बघून परत गेली. मी काय करू? ग्रीस निघत न्हाय."

आता कथेतलं यंत्र सांगतो. त्याचं नाव तोलक.

तेव्हा नुकतं ज्वारीच्या गोड धाटांपासून काढलेल्या इथेनॉलवर सगळं चालायला लागलं होतं. डिझेल गेलं, पाण्यावरचा तवंग गेला, मासे परतले. त्याच सुमारास कायदा आला की प्रत्येक इंजिनावर तोलकाची डबी हवी, तळहाताएवढी. इंजिन किती हवा घेतं, किती इंधन पितं, रेस किती असते, हे सगळं ती वर्षभर ऐकायची आणि इंजिनांच्या सरकारी केंद्राला कळवायची. मग केंद्रातलं मोठं यंत्र त्या एका इंजिनासाठी इंजेक्टर छापायचं, काचेहून कठीण भुकटीचे थर चढवत. शिंप्यानं अंगाचं माप घेऊन सदरा शिवावा, तसा. त्या इंजेक्टरला खूण असायची. दुसरा बसवला तर इंजिन सुरूच व्हायचं नाही. खोटं का बोला, यंत्र गुणाचं होतं. इंधन वाचलं, धूर गेला, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला माना डोलावल्या.

पुढच्या वर्षी श्रावणात, भर दुपारी, सोना ढेबेला गोठ्याच्या गवतात नाग चावला.

सोना म्हणजे रायाची बायको. तिच्याएवढ्या मोठ्यानं हसणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. तिला लाँचमध्ये निजवलं तेव्हाच पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. नागाचं विष श्वास थांबवतं. पलीकडे लस होती, श्वास चालवायचं यंत्र होतं. भिकाजीनं हिशेब केला: नेहमीच्या चालीनं सतरा मिनिटं, पूर्ण रेसवर अकरा.

दांडीशेजारी एक लाल बटण होतं, 'तातडी' लिहिलेलं. ते दाबलं की इंजिनाच्या सगळ्या मर्यादा उठतात. भिकाजीनं ते दाबलं, दांडी शेवटपर्यंत लोटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, न थांबता, हात न जोडता, देवळावरून लाँच काढली.

देऊळ ओलांडून तीन मिनिटं झाली असतील. आतून कुणी घण मारावा तसा आवाज झाला, पांढरा धूर आला, आणि लाँच भर पाण्यात उभी राहिली. वल्ही मारून पलीकडे पोचेपर्यंत सोनाचा श्वास संपला होता.

दहा दिवसांनी केंद्राचा अहवाल आला. एकच ओळ वाचून दाखवतो: "चालकाने इंजिन त्याच्या नोंदलेल्या सवयीबाहेर चालवल्यामुळे बिघाड झाला." खाली लिहिलं होतं की परवाना तपासणीपर्यंत स्थगित.

भिकाजीनं अहवाल घडी करून भैरोबापुढे ठेवला आणि मृदंगाला कापड गुंडाळलं. "कीर्तन बंद," तो म्हणाला. "यंत्र बरोबर बोलतंय. सवय मोडली मी. देवावर लाट घातली. त्यानं तिथंच धरलं मला."

"तुला धरायचं तर तुला धरील ना," वैजयंता म्हणाली. "सोनानं काय केलं व्हतं त्याचं?"

"गप बस, वैजे."

"न्हाय बसत. आणि ह्यात लिवलंय काय, सवयीबाहेर? साप काय सवयीनं चावतो?"

ती उठली ती गॅरेजात गेली आणि तीन दिवस जेवायलाही वर आली नाही. मीच भाकरी घेऊन खाली गेलो. इंजिन उघडून फळीवर मांडलेलं. चौथा पिस्टन तिनं माझ्या हातात दिला. त्याचा माथा मेणबत्तीसारखा ओघळलेला होता.

"काका, टर्बो कशाला असतो माहितीय?"

"पोरी, मला टाळ माहितीय."

"मग टाळातच सांगते. बसा."

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चाक फिरवतो, ते चाक बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबतं, हा टर्बो. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. पण हवा कोंबली आणि त्या मानानं इंधन मिळालं नाही, तर आतला जाळ भडकतो. इंधनाचे तुषार नुसते जळत नाहीत, आतली भट्टी निववतातही. ते कमी पडले की धातू वितळतो. त्यात इथेनॉल पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट लागतं. इंजेक्टर म्हणजे हे तुषार सोडणारा नळ. तो क्षणभर उघडतो, क्षणभर मिटतो. शंभरातले ऐंशी क्षण उघडा राहिला तरी ठीक. पण शंभरच्या शंभर क्षण उघडा राहिला की संपलं. इंजिन आणखी मागतं आणि त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही.

"तुमचा टाळ वाजायला मिटावा लागतो, तसा परत उघडावा लागतो का न्हाय? दाबून धरला तर मुका. तसा इंजेक्टर नुसता उघडाच राहिला तर आंधळा. त्या दिवशी तो देवळाच्या आधीच पुरा उघडा पडला व्हता."

"मग यंत्रानं लहान का दिला?"

तिनं पिस्टन माझ्या हातून परत घेतला. मग तिनं भिंतीवरचा कागद दाखवला. डबीत साठलेली वर्षभराची नोंद. रेघ वर चढायची, मधे खाली यायची, परत चढायची. डोंगर, दरी, डोंगर. रोज, प्रत्येक फेरीला.

"ही दरी म्हंजे देऊळ," ती म्हणाली. "पुढं थांबायचंच हाय, म्हणून दादा रेस पाऊणच्या वर कधी नेतच न्हाय. थांबल्यावरसुदिक हळूच उचलतो. वर्षभरात एका इंजेक्टरनं मिनिटाला जास्तीत जास्त दोनशे चाळीस सीसी सोडलं. तोलकानं ते ऐंशी टक्के धरलं आणि तीनशेचा छापून दिला. त्याच्या बाजूनं गणित चोख हाय. पण पुऱ्या रेसला ह्या इंजिनाला तीनशे चाळीस लागतं."

तिनं दरीवर बोट ठेवलं. "काका, यंत्रानं आमचा नमस्कार मोजला. आम्ही नेहमी नमस्कार करणार, असं धरून चाललं. तातडीचं बटण दिलं आणि तातडीचा इंजेक्टर दिलाच न्हाय."

मग तिनं खडूनं जमिनीवर मांडलं. तीनशे चाळीस भागिले ऐंशी टक्के: चारशे पंचवीस.

जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे इंजेक्टर तिच्याकडे डब्यात होते. मी भाबडेपणानं म्हटलं, "तो सहाशेचा घाल की. भीती नको."

"सगळे हेच म्हणतात. मोठा घाला!" तिनं सहाशेचा उचलून दाखवला. "ह्याला चमचाभर वाढता येत न्हाय, डायरेक्ट पातेलं ओततो. देवळावर इंजिन हळू केलं की घुसमटून बंद पडंल. मला दोन्ही पायजे. देवापुढं पुटपुटता आलं पायजे आणि बोलावणं आलं की बोंबलत धावता आलं पायजे. त्याचा आकडा एकच हाय."

तिनं पिस्टन बदलला, त्याच डब्यातले चारशे पंचवीसचे चार बसवले आणि केंद्राला पत्र धाडलं. पत्र नव्हे, आव्हानच ते. "तुमचा अहवाल मला मान्य नाही. येऊन बघा."

आठवड्यानं निरीक्षक आले. शार्दूल बोंद्रे. तिशीचा, नीटनेटका माणूस, हातात मोहोरबंद करायची पट्टी. धक्क्यावर सारा गाव जमला.

"उतेकरबाई, तुम्ही अनधिकृत इंजेक्टर बसवलेत," तो म्हणाला. "मला लाँच सील करावी लागेल."

"करा. आधी इंजिन ऐका."

"ऐकायला तोलक आहे."

"तोलकानं एक वर्ष ऐकलं, साहेब. आम्ही साठ-सत्तर वर्षं ऐकतोय."

बोंद्रे चिडला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, "ताई, उद्या प्रत्येक जण आपल्या मनाचा इंजेक्टर बसवायला लागला तर ह्या पाण्यावर परत धूर होईल. तुमचे मासे मरतील. मला दुष्ट समजू नका."

"दुष्ट न्हाय समजत. सरासरीत राहणारा माणूस समजते." लोक हसले. ती हसली नाही. "तुमच्या नियमांची चौऱ्याण्णव पानं वाचलीत मी. एकसष्टाव्या पानावर हाय: दुरुस्ती करणाऱ्यानं लेखी मागितलं तर निरीक्षकानं स्वतःच्या किल्लीनं तोलकाची अडवणूक उठवून एक चाचणी घ्यायची. हाय का न्हाय?"

बोंद्रेनं हातातल्या पाटीवर पान काढलं. बराच वेळ वाचलं. "आहे. पण पुढचंही आहे. इंजिन बिघडलं तर लाँच जप्त, तुमचं गॅरेज बंद आणि चालकाचा परवाना कायमचा रद्द. दुसरी संधी नाही."

"एकच मागितली मी."

"आणि चालवणार कोण? परवाना स्थगित असला तरी चाचणीला ह्या लाँचचा नोंदलेला चालकच लागतो."

सगळ्यांच्या माना भिकाजीकडे वळल्या. तो धक्क्याच्या पायरीवर बसला होता, तीन आठवड्यांची दाढी वाढलेली.

"मी न्हाय," तो म्हणाला.

वैजयंता त्याच्यासमोर उकिडवी बसली. "दादा, पुऱ्या रेसवर, त्या दिवसासारखं. मधे थांबायचं न्हाय."

"देवळावरून? परत? एकदा लाट घातली तर बाई गेली. आता काय गाव घालवू?"

"तू यंत्रावर विश्वास ठेवलास, मग देवाच्या रागावर ठेवलास. बहिणीवर कधी ठेवणार?"

"देवाला तोंड देता येत न्हाय गं."

"तीस वर्षं कीर्तनात काय सांगतोस मग?" तिचा आवाज चढला. "भक्तानं हाक मारली की देव पुढ्यातलं ताट ढकलून, पायात वहाण न घालता पळत सुटतो. तुझ्या तोंडनं ऐकून आम्ही रडलोय! मग सोना हाक मारत व्हती तवा तो खाली गाभाऱ्यात बसून स्वतःचा मान मोजत बसला व्हता? असला देव तू सांगितलास आम्हाला? मी न्हाय ऐकला असला देव. तू पळालास तवा तोच पळत व्हता तुझ्यासंगं. नळ कमी पडला, दादा. देव न्हाय कमी पडला."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं मी त्या कीर्तनात टाळ धरला, पण तिच्याइतकं ते ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात राया ढेबे गर्दीतून पुढे आला. तो त्या दिवसापासून कुणाशी बोलला नव्हता. लाँचमध्ये उतरला आणि जिथं सोनाला निजवलं होतं त्या फळीवर जाऊन बसला.

"भिकाजीदादा," तो म्हणाला, "त्या दिवशी जेवढं वजन व्हतं तेवढं पायजे ना? मी हाय. चल."

भिकाजी उठला.

आम्ही पाच जण आणि भरीला वाळूची पोती. बोंद्रेनं किल्ली लावली, डबीची हिरवी खूण पिवळी झाली. इंजिन लागलं. वैजयंता इंजेक्टरच्या मापकाच्या काट्यापाशी, बोंद्रे तिच्या शेजारी. भिकाजीनं लाल बटण दाबलं आणि दांडी शेवटपर्यंत लोटली.

लाँचनं नाक उचललं. टर्बोची शीळ चढत गेली, तार लागावी तशी.

"अठ्ठ्याहत्तर," वैजयंता ओरडली. "एकोणऐंशी. ऐंशी. ऐंशीवरच हाय!"

बोंद्रे तापमान बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. बुडालो तर त्याचीही नोकरी बुडणार होती, हे त्याला बहुतेक तिथं आठवलं.

समोर पाण्यातून वर आलेल्या जुन्या आंब्याच्या खुंटावरचा लाल बावटा दिसला, देवळाची खूण. मी भिकाजीचा हात बघत होतो. तीस वर्षांची सवय त्या मनगटात होती, मनगट मागे यायला बघत होतं. दांडी केसभर मागे आलीसुद्धा. शीळ उतरली.

"दादा!"

त्यानं डोळे मिटले नाहीत. डाव्या हातानं उजवा हात वरून दाबून धरला, दांडी पुन्हा पुढे गेली, आणि त्याच्या तोंडून नाम आलं. भजनातल्यासारखं गोड नव्हे, भांडणातल्यासारखं. देवाला हाक मारत, जवळजवळ दटावत, तो देवळावरून गेला. मागे पाण्याची मोठी लाट उठली आणि बावट्यावरून फुटली. मीही ओरडत होतो. माझ्याजवळ टाळ नव्हता, म्हणून मी फळीवर हात बडवत होतो.

एक मिनिट. दोन. तीन. ती जागा आली. रायानं फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

इंजिन गात होतं.

"ऐंशी," वैजयंता म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "ऐंशी, दादा."

अकराव्या मिनिटाला लाँच पलीकडच्या धक्क्याला लागली. भिकाजीनं दांडी मागे घेतली, इंजिन घुसमटलं नाही, पुटपुटत राहिलं, हळू, एकसारखं, देवळावर पुटपुटतं तसं. बोंद्रेनं ते बराच वेळ ऐकलं. काट्याकडे न बघता ऐकलं.

कुणी आनंदानं ओरडलं नाही. राया फळीवरून उठला आणि वैजयंतासमोर आला.

"वैजूताई, हे त्या दिवशी असतं तर?"

ती काहीतरी बरं बोलेल असं मला वाटलं. पण ती आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून बोलली नव्हती.

"असतं तर पोचलो असतो, राया. खोटं कशाला बोलू? मी तो तीनशेचा इंजेक्टर ह्या हातानं बसवला. छापून आलाय म्हणून बसवला. मोजला न्हाय. ते माझं."

रायानं मान हलवली. मग भिकाजीकडे गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू थांबला न्हाईस," एवढंच म्हणाला. भिकाजी तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

बोंद्रेनं सीलची पट्टी पिशवीत परत घातली. अहवालाची पाटी काढली. "काय लिहू?" त्यानं विचारलं. खरोखर विचारलं.

"लिवा," वैजयंता म्हणाली, "की चालकानं इंजिन सवयीबाहेर चालवलं ते बरोबर केलं. आणि मापं सवयीची घेऊ नका. ज्या दिवशी सवय मोडावी लागंल, त्या दिवसाची घ्या."

त्यानं शब्द न शब्द तसा लिहिला. केंद्रात त्यावर वर्षभर खणाखणी झाली म्हणे. बोंद्रेची बदलीही झाली, पण त्यानं आपलं लिहिलेलं मागे घेतलं नाही. आता तोलकाचा अर्ज भराल तर शेवटी एक रकाना दिसेल: "हे इंजिन कोणत्या प्रसंगी न थांबता चालवावे लागेल?" कुणी तिथं आग लिहितं, कुणी पूर, कुणी बाळंतपण. तो रकाना ह्या पाण्यातून वर आलाय.

भिकाजीनं त्या शनिवारी मृदंगाचं कापड सोडलं. देवळावरचा थांबाही आम्ही सोडला नाही. रोजच्या फेरीला लाँच तिथं हळू होते, हात जोडले जातात, बुक्का पडतो. पण आजारी माणूस असला की भिकाजी तसाच सुसाट जातो, आणि तोंडानं भांडत जातो. वरच्या देवळातला पुजारी सुरुवातीला कुरकुरला. वैजयंतानं त्याला विचारलं, "तुम्हाला चावला तर हळू नेऊ का?" तेव्हापासून तो गप्प आहे.

तर मंडळी, कथा इथं टेकते. उद्या तुम्ही लाँचनं परत जाल. देवळावर इंजिन पुटपुटायला लागलं की हात जोडा, ते तुम्हाला सांगायला नको. पण हात लगेच सोडू नका. तीन मिनिटं पुढे, जिथं काहीच खूण नाही, नुसतं पाणी आहे, तिथपर्यंत तसेच ठेवा. तिथं सोना ढेबेची आठवण काढा. कीर्तनात ती पहिल्या रांगेत बसायची आणि भर आख्यानात भिकाजीला अडवायची, "दादा, मागल्या साली राजाला दोन राण्या व्हत्या, औंदा तीन कशा झाल्या?" आणि मग स्वतःच इतकी हसायची की आमचे टाळ चुकायचे. तिला हसतानाच आठवा. माझ्यासाठी एवढं करा.